मुक्त शैक्षणिक साहित्याचा ऑनलाइन शोध : मराठी माध्यमाच्या अध्यापनाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पदवीच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘मागणीची लवचिकता’ हा घटक असतो. तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या महाविद्यालयातील अध्यापिकेस हा घटक मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना शिकवावयाचा आहे असे समजू. तिला एक स्पष्ट आकृती, काही सोडविलेली उदाहरणे आणि वर्गात वाटता येईल असे चार पानांचे टिपण हवे आहे. ती शोधयंत्रात शब्द टाकते. परीक्षेच्या तयारीची संकेतस्थळे, जाहिरातींनी वेढलेली टिपणे, चित्रफिती आणि कोणत्या तरी पुस्तकाची मोबाइलवर टिपलेली पाने तिच्यासमोर येतात. त्यांपैकी काय वापरण्याची, बदलण्याची वा वाटण्याची मुभा आहे, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलेच नसते. अर्ध्या तासाने ती ‘मराठीत काही नाही’ असा निष्कर्ष काढते आणि इंग्रजी पुस्तकावरून स्वतःच टिपण तयार करावयास बसते.

हा निष्कर्ष पूर्णतः खोटा नाही. मराठीतील साहित्य इंग्रजीच्या तुलनेने खरोखरच कमी आहे. परंतु जे आहे त्यातीलही पुष्कळसे सापडत नाही, आणि न सापडणारे साहित्य वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखेच असते. याचे परिणाम दूरवर पोहोचतात. ‘मराठीत काही नाही’ असे ज्याचे मत झाले तो पुढच्या वेळी मराठीत शोधतच नाही, आणि कोणी शोधत नाही म्हणून लिहिणाराही लिहीत नाही. प्रस्तुत लेखात मुक्त शैक्षणिक साहित्याचा शोध प्रत्यक्षात कसा घेतला जातो, तो कोठे अडतो आणि मराठीच्या बाबतीत तो विशेष का अडतो, याचा विचार केला आहे.

मोफत आणि मुक्त

‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ या संकल्पनेस तिचे इंग्रजी नाव युनेस्कोने जुलै २००२ मध्ये पॅरिस येथे भरविलेल्या बैठकीत मिळाले. त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांस खुले करण्याची घोषणा केली होती. डिसेंबर २००२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. या तिन्ही घटना दोन वर्षांच्या आत घडल्या हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. साहित्य, ते उघडे करण्याची इच्छा आणि ते उघडे असल्याचे कायदेशीर चिन्ह या तिन्ही गोष्टी एकमेकींवाचून अपुऱ्या होत्या. पुढे २०१२ चा पॅरिस जाहीरनामा आणि युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वीकारलेली शिफारस यांनी या संकल्पनेस आंतरराष्ट्रीय मान्यता दिली.

मुक्त साहित्य म्हणजे केवळ विनामूल्य साहित्य नव्हे. डेव्हिड वायली यांच्या मांडणीनुसार अशा साहित्यावर वापरणाऱ्यास पाच अधिकार मिळतात : प्रत जवळ ठेवणे, वापरणे, बदलणे, अन्य साहित्याशी जोडणे आणि पुन्हा वाटणे. या कसोटीवर पाहिले असता बालभारतीची पाठ्यपुस्तके मोफत आहेत, पण मुक्त नाहीत. ती संकेतस्थळावरून कोणासही उतरवून घेता येतात; तथापि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, अशी सूचना पुस्तकातच छापलेली असते. पुस्तक विद्यार्थ्यास वाचावयास देण्यात अडचण नाही. त्यातील प्रकरण बदलून, स्थानिक उदाहरणे घालून पुन्हा प्रसिद्ध करण्यात मात्र आहे.

मराठीत आणखी एक गुंता आहे. ‘मुक्त’ हा शब्द शिक्षणक्षेत्रात आधीच रूढ झाला आहे, तो मुक्त विद्यापीठाच्या अर्थाने. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झाले आणि तेव्हापासून ‘मुक्त शिक्षण’ म्हटले की प्रवेशाच्या अटी शिथिल असलेले दूरशिक्षण, असाच अर्थ सामान्य माणसाच्या मनात येतो. साहजिकच ‘मुक्त शैक्षणिक’ या शब्दांनी शोध घेणाऱ्याची वाट प्रवेशअर्ज आणि परीक्षेची वेळापत्रके यांच्याकडे वळते. ‘खुले शैक्षणिक साहित्य’ असाही पर्याय वापरला जातो. पण ‘खुला’ या शब्दास आरक्षणाच्या संदर्भातील ‘खुला प्रवर्ग’ चिकटलेला आहे. ज्या वस्तूचे नावच स्थिर नाही तिचा शोध पहिल्याच पावलावर अडखळतो.

शोध प्रत्यक्षात कसा घेतला जातो

ग्रंथालयशास्त्रात शोधकाच्या वर्तनाचा अभ्यास इंटरनेटच्या पुष्कळ आधीपासून झाला आहे. रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये माहितीच्या गरजेच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिली मनातील अस्पष्ट जाणीव, आणि चौथी म्हणजे यंत्रणेस समजेल अशा शब्दांत केलेली तडजोड. शोधयंत्राच्या पेटीत टाकलेले दोन-तीन शब्द ही तडजोडच होय. उपरोक्त अध्यापिकेस ‘ग्रामीण विद्यार्थ्यास कांद्याच्या भावावरून समजेल असे लवचिकतेचे उदाहरण’ हवे असते. ती टाकते मात्र ‘मागणीची लवचिकता पीडीएफ’.

मार्सिया बेट्स यांनी १९८९ मध्ये मांडलेली कल्पना याहून उपयुक्त आहे. शोध हा एका प्रश्नास एक उत्तर अशा स्वरूपाचा नसतो. रानात बोरे वेचणारा माणूस एका झुडपावरून दुसऱ्याकडे जातो, थोडी येथे वेचतो, थोडी तेथे, आणि वेचता वेचता कोणत्या बाजूची बोरे गोड आहेत हे त्यास कळत जाते. शोधकही एका पानावरील शब्द पाहून पुढचा प्रश्न बदलतो. मुक्त साहित्याच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण अध्यापकास सहसा संपूर्ण पुस्तक नको असते. एका ठिकाणची आकृती, दुसऱ्या ठिकाणची उदाहरणे आणि तिसऱ्या ठिकाणचा स्वाध्याय असा त्याचा संग्रह होतो. अशी जोडणी करता यावी यासाठीच तर परवान्यातील ‘जोडण्याचा’ अधिकार आहे.

शोधाचे मार्ग स्थूलमानाने दोन. एक, गुगलसारखे सर्वसाधारण शोधयंत्र. दुसरा, मुक्त साहित्याचीच नोंद ठेवणारी भांडारे. दुसऱ्या प्रकारात कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने १९९७ मध्ये सुरू केलेले ‘मर्लोट’, २००७ पासूनचे ‘ओईआर कॉमन्स’ आणि अनेक भांडारांत एकाच वेळी शोध घेणारे न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या जेनेसिओ येथील ग्रंथालयाचे ‘ओएसिस’ यांचा उल्लेख करता येईल. तरीही बहुसंख्य अध्यापक प्रथम सर्वसाधारण शोधयंत्राकडेच जातात, कारण ते हाताशी असते आणि त्यास प्रश्न कसा विचारावा हे शिकावे लागत नाही. परंतु शोधयंत्र लोकप्रियता आणि शब्दांचा मेळ पाहते. शैक्षणिक पातळी पाहत नाही, आणि सांगितल्याखेरीज परवानाही पाहत नाही. अमेरिकेतील उच्च शिक्षणाविषयीच्या बॅबसन सर्वेक्षणाच्या २०१४ च्या अहवालात, मुक्त साहित्य शोधण्यास व पारखण्यास लागणारा वेळ आणि श्रम हाच त्याच्या प्रसारातील प्रमुख अडथळा असल्याचे नमूद आहे. ज्या भाषेत साहित्य सर्वाधिक आहे तेथील ही स्थिती होय.

शब्द, लेखन आणि लिपी

मराठीतील शोध अडण्याची कारणे प्रामुख्याने येथे आहेत आणि ती बरीचशी दुरुस्त होण्याजोगी आहेत.

पहिला प्रश्न परिभाषेचा. उपरोक्त घटकासच ‘मागणीची लवचिकता’, ‘मागणीची किंमत लवचिकता’ आणि ‘मागणीची मूल्यसापेक्ष लवचिकता’ अशी नावे संभवतात. शिवाय ‘लवचिकता’ आणि ‘लवचीकता’ ही दोन्ही लेखने आढळतात. भौतिकशास्त्र, पदार्थविज्ञान आणि भौतिकी हे तीन शब्द एकाच विद्याशाखेसाठी प्रचारात आहेत. ‘सांख्यिकी’ आणि ‘संख्याशास्त्र’ यांचेही तसेच. एका शब्दाने शोधणाऱ्यास दुसऱ्या शब्दाखाली ठेवलेले साहित्य दिसेलच असे नाही. इंग्रजीतही पर्यायी शब्द असतात, परंतु तेथे साहित्य इतके विपुल आहे की एक वाट चुकली तरी दुसरी सापडते. मराठीत एखाद्या घटकावर मोजकीच चांगली टिपणे असतील, तर शब्द चुकणे म्हणजे सर्वच चुकणे.

यावर जुना आणि चांगला उपाय आहे. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने तयार केलेले परिभाषा कोश ऑनलाइन पाहता येतात. शोधास बसण्यापूर्वी इंग्रजी संज्ञेचे शासनमान्य पर्याय तेथून घ्यावेत आणि प्रत्येक पर्यायाने स्वतंत्र शोध घ्यावा. दुसरी युक्ती विकिपीडियाची. इंग्रजी लेख उघडून भाषांच्या यादीतील ‘मराठी’वर गेल्यास, मराठी लेख असेल तर संज्ञेचे मराठी रूप मिळते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया अशा रीतीने द्विभाषिक शब्दकोशाचेही काम करतो. लेख त्रोटक असला तरी शब्द हाती लागतो, आणि शोधात शब्दाचे मोल लेखाहून कमी नसते.

दुसरा प्रश्न हिंदीच्या शेजाराचा. लिपी एकच असल्याने ‘प्रकाश संश्लेषण’ अथवा ‘लोकतंत्र’ यांसारख्या शब्दांस मोठ्या प्रमाणात हिंदी पाने मिळतात आणि मराठी पाने मागे पडतात. अशा वेळी शोधशब्दांना खास मराठी शब्दरूपाची जोड द्यावी लागते. ‘म्हणजे काय’ हे दोन शब्द जोडले तरी परिणामांत फरक पडतो, कारण ते हिंदी पानावर सहसा आढळत नाहीत. जेथे मराठी शब्द स्वतंत्र आहे, जसे ‘लोकशाही’ किंवा ‘लवचिकता’, तेथे हा त्रास आपोआप कमी होतो.

तिसरा प्रश्न विभक्तीचा. मराठीत नाम जसेच्या तसे क्वचितच वाक्यात येते. ‘घोडा’ हा ‘घोड्याचा’, ‘घोड्यांना’ असा होतो. मोठी शोधयंत्रे अशी रूपे काही अंशी ओळखतात. लहान भांडारांतील शोधपेटी मात्र पुष्कळदा अक्षराला अक्षर जुळवून पाहते. म्हणून तेथे शब्दाचा न बदलणारा भाग किंवा शीर्षकात येण्याची शक्यता असलेले मूळ रूप टाकणे श्रेयस्कर. याच जातीची, परंतु डोळ्यांस न दिसणारी अडचण ‘ऱ्य’ या जोडाक्षराची आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : एकदा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, तर एकदा ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द असतात.

चौथा प्रश्न सर्वांत गंभीर आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला आहे, तो जुन्या फाँटचा. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत झाला होता. तथापि मराठीतील मुद्रण पुढे अनेक वर्षे श्रीलिपी, कृतिदेव आणि तत्सम फाँटवर चालत राहिले. या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृती बसविलेल्या असतात. वाचकास पडद्यावर शुद्ध मराठी दिसते. शोधयंत्रास मात्र त्याच जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक ओळ दिसते. अशा पीडीएफमधील मजकूर कितीही मौलिक असला तरी देवनागरीत शब्द टाकणाऱ्यास तो सापडणार नाही. महाविद्यालयीन नियतकालिके, चर्चासत्रांची स्मरणिका-पुस्तके आणि क्रमिक टिपणे यांतील फार मोठा भाग असाच अंधारात आहे. नुसत्या छायाचित्रित पानांची स्थिती याहून वेगळी नाही, फक्त तेथे निरर्थक अक्षरेही नसतात. छायाचित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावली आता मराठीसाठी बऱ्यापैकी काम करतात आणि मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांसाठी त्यांचा उपयोग होतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले; भारतीय कायद्यातील साठ वर्षांची मुदत संपून २०११ च्या आरंभी त्यांचे लेखन सार्वजनिक झाले. अशा लेखनाचे अक्षरबद्ध रूप तयार झाले की त्यातील प्रत्येक वाक्य शोधता येते.

शोधगंगा या प्रबंधांच्या भांडारात मराठी प्रबंधांची शीर्षके काही वेळा देवनागरीत, तर काही वेळा रोमन लिपीत नोंदविलेली आढळतात. एकाच विषयाचा शोध दोन्ही लिप्यांत घेणे, आणि रोमन लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचे दोन-तीन प्रकार करून पाहणे, ही तेथील अनुभवी संशोधकाची रीत आहे. ती कंटाळवाणी आहे खरी.

भांडारातील नोंद

साहित्याविषयीची माहिती, म्हणजे शीर्षक, कर्ता, विषय, इयत्ता, भाषा आणि परवाना, हिला मेटाडेटा म्हणतात. ग्रंथालयातील तालिकापत्राचेच हे नवे रूप होय. १९९५ पासूनचे डब्लिन कोअर हे सर्वसाधारण मानक आणि २०११ मध्ये सुरू झालेला, खास शैक्षणिक साहित्यासाठीचा ‘एलआरएमआय’ हा उपक्रम यांमुळे ‘कोणत्या पातळीच्या विद्यार्थ्यासाठी’ हेही नोंदविण्याची सोय झाली. सोय झाली म्हणजे नोंद झाली असे नव्हे. साहित्य चढविणारा बहुधा घाईत असतो आणि विषयाच्या रकान्यात ‘शिक्षण’ असे लिहून मोकळा होतो.

भारतात या दिशेने काही मोठे प्रयत्न झाले. शालेय साहित्यासाठी ‘एनआरओईआर’ हे राष्ट्रीय भांडार २०१३ मध्ये सुरू झाले. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये राष्ट्रास अर्पण झाले. त्यात भाषा आणि शैक्षणिक पातळी निवडून शोध घेता येतो, मात्र त्यातील प्रत्येक नोंद मुक्त साहित्याची नसते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणकीय आज्ञावली शिकविणारे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत आणि तेथे भाषा व विषय यांच्या दोन याद्यांतून निवड करावी लागते. शब्द सुचण्याची आवश्यकताच तेथे उरत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ने याही पुढचे पाऊल टाकले. बालभारतीच्या पुस्तकात छापलेला क्यूआर कोड मोबाइलने टिपला की त्या पाठाशी जोडलेले साहित्य उघडते. शोधाचे सारे श्रम पुस्तक तयार करणाऱ्याने आधीच केलेले असतात. महाविद्यालयीन पातळीवर मराठीसाठी अशी सोय सार्वत्रिक झालेली नाही, आणि खरी उणीव तेथेच आहे.

परवान्याची खूण

साहित्य सापडले तरी काम अर्धेच झालेले असते. क्रिएटिव्ह कॉमन्सचे सहा परवाने आहेत आणि मराठी अध्यापकाच्या दृष्टीने त्यांतील एक भेद निर्णायक आहे. ज्या दोन परवान्यांत रूपांतरास मनाई आहे, त्यांतील साहित्याचा अनुवाद करून तो प्रसिद्ध करता येत नाही, कारण अनुवाद हेही रूपांतरच होय. इंग्रजीतील उत्तम पुस्तक विनामूल्य मिळाले आणि त्यावर अशी अट असली, तर मराठी वर्गासाठी त्याचा उपयोग वाचून समजून घेण्यापुरताच राहतो. श्रेय देण्याची, अव्यापारी वापराची आणि तशाच अटींवर वाटण्याची बंधने मात्र अनुवादाच्या आड येत नाहीत. मॅसॅच्युसेट्सच्या उपरोक्त संस्थेचे अभ्यास-साहित्य या तिन्ही अटींसह उपलब्ध आहे. विकिपीडियात व्यापारी वापरासही आडकाठी नाही. अनुवादाच्या हेतूने शोध घेणाऱ्याने म्हणूनच प्रथम परवाना आणि मग मजकूर पाहावा. बहुतेकजण उलट करतात आणि आठवडाभराच्या श्रमानंतर थबकतात.

गुगलच्या प्रगत शोधात वापराच्या अधिकारानुसार निवड करण्याची सोय आहे; यूट्यूबवरही क्रिएटिव्ह कॉमन्स चित्रफिती वेगळ्या काढता येतात. परंतु ही चाळणी पानावर यंत्रास वाचता येईल अशी परवान्याची खूण असेल तरच चालते. ‘हे टिपण कोणीही वापरावे’ असे मोठ्या मनाने लिहिलेले वाक्य यंत्रास कळत नाही. शिवाय बदल करण्यास संमती आहे की नाही, हे त्यावरून माणसासही निश्चित कळत नाही.

अलीकडे शोधयंत्रे परिणामांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर देऊ लागली आहेत. विद्यार्थ्यास व्याख्या हवी असेल तर त्याचे काम भागते. अध्यापिकेस मात्र उत्तर नको असून साहित्य हवे असते, आणि अशा उत्तरात मूळ लेखक व परवाना मागे पडतो. श्रेय कोणास द्यावे हे माहीत नसेल, तर श्रेयाची अट पाळणार कशी?

ग्रंथपाल आणि अध्यापक

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे. महाविद्यालयातील दहा अध्यापकांनी एकाच घटकासाठी दहा वेळा अर्धा अर्धा तास घालविण्याऐवजी ग्रंथपालाने विषयवार तपासलेल्या दुव्यांची एक यादी ठेवणे हा त्या सूत्राचा आजचा अर्थ. यादीत प्रत्येक नोंदीपुढे परवाना, पातळी आणि दुवा शेवटचा तपासल्याचा दिनांक असावा. संकेतस्थळे बंद पडतात आणि पत्ते बदलतात. एखाद्या ओळखीच्या भांडारापुरताच शोध मर्यादित ठेवावयाचा असल्यास शोधपेटीत रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्यास लागून अपूर्णविराम आणि पुढे त्या स्थळाचा पत्ता लिहिण्याची रीत ग्रंथपालाने अध्यापकांस दाखवावी. पाच मिनिटांत शिकता येणारी ही गोष्ट आश्चर्य वाटावे इतक्या कमी लोकांस माहीत असते.

आता पुन्हा त्या अध्यापिकेकडे वळू. तिने अखेर कांद्याच्या भावाचे उदाहरण घेऊन आपले टिपण लिहिले. ते ती श्रीलिपीत टंकित करून विभागाच्या संगणकात ठेवू शकते. तसे झाल्यास शेजारच्या तालुक्यातील अध्यापक पुढच्या जूनमध्ये तोच अर्धा तास घालवील आणि त्याच निष्कर्षाप्रत येईल. अथवा ती ते युनिकोडमध्ये उतरवून एखाद्या मुक्त भांडारात ठेवू शकते. त्यासाठी शीर्षकात ‘मागणीची लवचिकता’, विषयशब्दांत ‘लवचीकता’ आणि ‘मागणीची किंमत लवचिकता’ हे पर्याय, त्यांच्यासोबत इंग्रजी संज्ञा, पातळीच्या रकान्यात ‘पदवी, प्रथम वर्ष’, भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ आणि परवान्याच्या जागी श्रेयनिर्देशाचा दुवा, एवढे भरावे लागते. या नोंदीस दहा मिनिटे पुरतात.